हेपा फिल्टर धुऊ नका आणि ज्येष्ठांकडचे यंत्र एकदा उघडून पाहा

आज सकाळी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. त्यातले गृहस्थ एअर प्युरिफायरचा, म्हणजे हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचा, हेपा फिल्टर (अतिशय बारीक कण अडवणारा आतला फिल्टर) नळाखाली धरून कपड्यांच्या पावडरीने घासतात, उन्हात वाळवतात आणि हजारो रुपये वाचल्याचे समाधानाने सांगतात. त्याखाली लागलेली अंगठ्यांची रांग पाहून मला राहवले नाही.

यंत्राची सर्वांत बाहेरची जाळी साफ करायची असते, हे खरे. केस, कापसाचे धागे आणि जाड धूळ तिच्यावरच बसते. पुस्तिकेत धुण्यास सांगितले असेल तर ती धुऊन, पूर्ण वाळवून मगच बसवावी, कारण ओलसर जाळीवर बुरशी धरते. हेपाचे तसे नाही. तो चाळणीसारखा चालत नाही. अतिशय बारीक तंतूंच्या गुंत्यात कण आपटतात आणि तिथेच चिकटून राहतात. ०.३ मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ९९.९७ टक्के कण अडवणे ही त्याची अमेरिकी कसोटी आहे. पाण्याने हे तंतू गोळा होतात, मध्ये फटी पडतात आणि कृत्रिम तंतूंवरचा, कण ओढून धरणारा विद्युतभार साबणाने नाहीसा होतो. धुतलेला फिल्टर पांढरा दिसतो, परंतु जे कण अडवण्यासाठी तो घेतला, तेच त्यातून पार होतात. काही कंपन्या धुता येणारे फिल्टर बनवतात, हे मान्य. पण ते तसे पुस्तिकेत लिहिलेले असते.

मला एवढा राग येण्याचे कारण ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या माझ्या मामी आहेत. त्यांना दम्याचा जुना त्रास आहे, म्हणून मुलाने पुण्याहून पैसे पाठवून यंत्र घेऊन दिले. ते घरी पोहोचवणाऱ्याने बटण दाबून दाखवले, सही घेतली आणि तो निघून गेला. मामी संपूर्ण थंडीभर त्या यंत्राशेजारी बसत आणि रोज मऊ फडक्याने ते बाहेरून पुसत. मी सहज मागचे झाकण उघडले, तेव्हा आतला फिल्टर कारखान्यातून आलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतच होता. हवा त्यातून जातच नव्हती. मामी म्हणाल्या, “अरे, पण आवाज तर येत होता ना!”

तो आवाजच घात करतो. पंखा फिरतो, दिवा लागतो आणि घरातली माणसे निर्धास्त होऊन श्वास घेतात. फिल्टर बदलण्याची सूचना देणारा दिवासुद्धा पुष्कळ यंत्रांत केवळ चाललेले तास मोजतो. फिल्टर किती भरला, ते त्याला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या यादीत पीएम २.५, म्हणजे हवेतल्या २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांच्या प्रदूषणात आपले ग्वाल्हेर जगात दुसरे होते. आकडे पुढे बदलले असतील, परंतु हिवाळ्यातली जमिनीलगत साचणारी धुराळ हवा आणि उन्हाळ्यातली आंधी आपण सारेच अनुभवतो. इथे पुस्तिकेतल्या मुदतीच्या आधीच फिल्टर भरू शकतो. मामींच्या यंत्रातली पिशवी काढल्यानंतर थोड्याच महिन्यांत तो पांढरा कागद काळपट करडा झाला. ते सारे आधी कुठे जात होते, हा विचार मला अजूनही सोडत नाही.

नवा फिल्टर महाग पडतो आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांना तो खर्च जाणवतो, हे मी नाकारत नाही. धुण्याचा सल्ला देणाऱ्यांचा हेतूही वाईट नसतो. परंतु यंत्र विकणाऱ्यांना मी क्षमा करू शकत नाही. एवढे पैसे घेतल्यावर समोर झाकण उघडून, पिशवी काढून, फिल्टर बसवून दाखवायला पाच मिनिटे लागतात, आणि तीसुद्धा एका वृद्ध, आजारी बाईला दिली जात नाहीत.

ज्यांचे आईवडील किंवा सासूसासरे एकटे राहतात, त्यांनी पुढच्या भेटीत प्लग काढून यंत्र स्वतः उघडावे. जुना फिल्टर घरात झटकू नये. नाक-तोंड झाकून तो पिशवीत बांधून टाकावा. नव्याच्या कडेवर बसवल्याची तारीख लिहावी. लष्कर किंवा मुरार भागात कोणाला हे जमत नसेल, तर मला कळवा, मी येईन. फक्त यंत्राच्या मागचा मॉडेल क्रमांक आधी पाठवा, कारण मापात थोडा जरी फरक असला, तरी कडेच्या फटीतून हवा न गाळताच निघून जाते.