यादीवर वेळ लिहा, एवढंच

मोठ्या अपघातानंतर हॉस्पिटलांनी नातेवाइकांना माहिती कशी द्यावी, हे बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहून टाकते.

११ जुलै २००६, मंगळवार. संध्याकाळी मुंबईत अकरा मिनिटांत वेस्टर्न रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले आणि माझा दादा चर्चगेटहून बोरिवलीला यायला निघालेला. फोन कुणाचाच लागेना, वहिनी दारात उभी, मी आणि काका बाईकवरून निघालो. पहिल्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीच्या, म्हणजे अपघात विभागाच्या, दाराला वहीचा कागद चिकटवलेला, पावसाने शाई ओघळलेली, वीसेक नावं. दादाचं नाव नाही. वॉचमन म्हणाला यादी हीच आहे, पुढे बघा. आम्ही पुढे गेलो.

दादा तिथेच होता. आत. बेशुद्ध. रजिस्टरमध्ये "अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३५" अशी नोंद होती, पण अनोळखी लोक बाहेरच्या कागदावर लिहिलेच नव्हते, आणि तो कागद किती वाजताचा तेही लिहिलेलं नव्हतं, म्हणून आम्हाला वाटलं संपलं, इथे नाही.

तिसऱ्या हॉस्पिटलात मात्र समाजसेवा विभागातल्या एक बाई स्टुलावर वही घेऊन बसलेल्या. दर अर्ध्या तासाने उठून मोठ्याने सांगायच्या, "आता साडेअकरा वाजलेत, एवढी नावं आहेत, तिघांची ओळख अजून पटलेली नाही, बारा वाजता परत सांगते." आणि बारा वाजता खरंच सांगायच्या. तिथे कुणी आरडाओरड करत नव्हतं हो, सगळे खाली फरशीवर बसून बाराची वाट बघत होते. त्यांनीच मला विचारलं, अंगावर काही खूण आहे का? मी सांगितलं, डाव्या भुवईवर टाक्यांची जुनी खूण. त्यांनी लँडलाइनवरून एकेका कॅज्युअल्टीला फोन लावले आणि पाऊण वाजता दादा सापडला.

त्यानंतर एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलावर २०१७ ला चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली, तेव्हा मृतदेहांच्या कपाळावर नंबर लिहिल्याचे फोटो फिरले आणि सगळे भडकले. मीही भडकले. पण नातेवाइकांना एकेक मृतदेह बघत फिरायला लागू नये म्हणून नंबर घालून फोटो दाखवायचे, ही कल्पना मला अजूनही बरोबर वाटते, कपाळ चुकीचं होतं, मनगटाला पट्टी बांधली असती तर कुणाचं काय गेलं असतं. घाटकोपरला १३ मे २०२४ ला होर्डिंग पडलं तेव्हा टीव्हीवर हॉस्पिटलबाहेरची माणसं बघितली आणि मला परत तो ओला कागद आठवला.

डॉक्टरांना मी एक शब्द बोलणार नाही. रेसिडेंट मुलं त्या रात्री उभ्या उभ्या टाके घालत असतात, त्यांनी बाहेर येऊन बोलावं ही अपेक्षाच चुकीची आहे. त्यासाठी वेगळा माणूस हवा, आधीपासून ठरलेला, ज्याला त्या रात्री दुसरं कुठलंच काम नाही. डीन मीडियाला आकडा देतात ते ठीक, पण आम्हाला आकडा नको असतो, आम्हाला एक नाव हवं असतं. आणि "अजून माहिती नाही, तासाभराने सांगतो" हेही चालतं, माणूस ते ऐकून घेतो, गप्प बसलेली खिडकी नाही सहन होत.

कोविडमध्ये जून २०२० ला पालिकेने २४ वॉर्डांत वॉर रूम काढल्या, बेड कुठे रिकामा आहे ते एका फोनवर कळायला लागलं. म्हणजे जमतं ना! मग अपघाताच्या रात्री सगळ्या हॉस्पिटलांची यादी एकत्र का नाही, अनोळखी माणसांच्या खुणा, कपडे, अंदाजे वय यांच्यासकट? सरकारी, पालिकेचं, प्रायव्हेट, जिथे जखमी नेले तिथली सगळी. पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर फोन केला की सांगता आलं पाहिजे, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी तीच यादी प्रत्येक दारावर, मराठी-हिंदी दोन्हीत, वर वेळ टाकून.

त्या बाईंचं नाव मी विचारलं नाही, त्या रात्री सुचलंच नाही. नंतर दादाला घेऊन पेढे द्यायला गेलो तर त्यांची बदली झालेली.