माती, पाणी आणि रस्त्यावर येणं

सिव्हिल इंजिनिअरिंगला पहिली तीन वर्षं तुम्हाला कुणी काही विचारत नाही. गणित घ्या म्हणाले, घेतलं. वर्कशॉपमध्ये लाकडाला रंधा मारा म्हणाले, मारला. सर्व्हेला भर उन्हात स्टाफ, म्हणजे उंची मोजायची लांब पट्टी, धरून उभी राहा म्हणाले, राहिले, वर लांबून "सरळ धर, सरळ!" हेही ऐकून घेतलं. आणि इतकी वर्षं मुकाट्याने काढल्यावर एका संध्याकाळी पोर्टलवर एक फॉर्म उगवतो आणि एकदम विचारतो, बाई गं, तुला आयुष्यात नेमकं करायचंय तरी काय? खालच्या यादीतून तुझं इलेक्टिव्ह, म्हणजे आवडीचा विषय, निवड. मुदत उद्या पाचपर्यंत.

यादीत असतात ती नुसती नावं. 'इंट्रोडक्शन टू' असं सुरू होणारं नाव दिसलं की वाटतं, हा सोपा असणार, नुसती ओळख तर करून द्यायचीय. अशा नावाच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. पेपरात सगळ्यात जास्त घाम तिथेच फुटतो. उलट 'ॲडव्हान्स्ड' म्हणून जे असतं त्यात पहिला महिनाभर दुसऱ्या वर्षाचंच पुन्हा शिकवतात, कारण ते कुणालाच आठवत नसतं आणि सरांना हे पक्कं ठाऊक असतं.

अशा वेळी माणूस सिनियरला गाठतो. आमच्या सिनियरने पायरीवर बसल्या बसल्या निकाल दिला. "जिओटेक घेतलंस तर आयुष्य मातीत. वॉटर रिसोर्सेस घेतलंस तर सगळी मेहनत पाण्यात. एन्व्हायर्नमेंटल घेतलंस तर गटारात. ट्रान्सपोर्टेशन घेतलंस तर थेट रस्त्यावर येशील. गपचूप स्ट्रक्चर्स घे." स्वतः महाशयांनी कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट घेतलं होतं. का, तर त्याला सकाळी आठचं लेक्चर नव्हतं.

स्ट्रक्चर्सवाले, म्हणजे इमारती आणि पुलांचे सांगाडे उभे ठेवणारे, हे सिव्हिलमधले खानदानी. हे लोक कुठल्याही हॉलमध्ये शिरले की आधी मान वर करून बीम बघतात, मग माणसांकडे. त्यांचा सगळ्यात आवडता पूल म्हणजे पडलेला पूल. टॅकोमा नॅरोज १९४० च्या जुलैत सुरू झाला आणि त्याच नोव्हेंबरात, ताशी पासष्ट-एक किलोमीटरच्या वाऱ्यात, पीळ खात खात खाली गेला. त्याची फिल्म सिव्हिलच्या प्रत्येक वर्गात दाखवतात. आमचे सर पुढे फ्लटर, म्हणजे वाऱ्यात पुलाची वाढतच जाणारी थरथर, समजावून सांगत होते आणि मागच्या बाकांवर एकच चर्चा, की गाडीत अडकलेल्या कुत्र्याचं काय झालं? त्याचं नाव टबी. सोडवायला गेलेल्याला तो चावला आणि त्या दुर्घटनेत तेवढा तो एकटाच गेला. पेपरात टबीवर प्रश्न आला असता तर वर्गाचा निकाल शंभर टक्के लागला असता. फ्लटरवर आला.

तरी स्ट्रक्चर्सचा मोह मला अगदीच नव्हता असं नाही. हार्डी क्रॉस या गृहस्थांनी १९३० मध्ये मांडलेली मोमेंट डिस्ट्रिब्युशनची, म्हणजे वाकवणाऱ्या जोराच्या वाटणीची, पद्धत मला मनापासून आवडते. एका जॉइंटवर तोल गेला, की तो बिघाड तिथे जमलेल्या सगळ्या मेंबरांत, म्हणजे बीम-खांबांत, वाटायचा. ज्याचा ताठपणा जास्त, त्याच्या गळ्यात जास्त. मग प्रत्येकाने आपल्या वाट्यातला निम्मा दुसऱ्या टोकाला कळवायचा. तिकडे पुन्हा तोल जातो, पुन्हा वाटणी, पुन्हा निम्मा परत. सगळे थकेपर्यंत हे चालतं. नातेवाइकांच्या रुसव्याफुगव्यांचं गणित इतकं नेमकं कुणी मांडलेलं मी पाहिलेलं नाही. पण इलेक्टिव्हमध्ये हे हाताने करू देत नाहीत. तिथे सॉफ्टवेअर. ते बीमचं रंगीत चित्र काढतं: निळं म्हणजे निवांत, लाल म्हणजे धोका. माझ्या एका मित्राची बीम लालभडक आली. त्याने रंगांच्या पट्टीची वरची मर्यादा वाढवली, सगळी बीम निळीशार झाली आणि तो शांत मनाने झोपायला गेला. हल्ली तो ऑफिसात ड्रॉइंग तपासतो. ते ऑफिस कुठल्या गावात आहे, ते मी विचारून ठेवलं आहे.

माझा जीव खरा जिओटेकवर. कारण सांगते. मातीच्या लॅबमध्ये कॅसाग्रांडे यांचं एक यंत्र असतं. पितळेची उथळ वाटी, तिला एक हँडल. वाटीत ओल्या मातीचा लगदा चोपडून बसवायचा, मधोमध एका खास हत्याराने चर पाडायची आणि हँडल फिरवायचं. वाटी दहा मिलिमीटर वर उचलली जाते आणि ठक्कन खाली आपटते, सेकंदाला दोनदा. पंचवीस ठोक्यांना चर खाली साधारण बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढी जुळली, तर त्या लगद्यात जितकं पाणी तितकं त्या मातीचं लिक्विड लिमिट, म्हणजे ती वाहायला लागण्याची हद्द. झालं. आधुनिक विज्ञान इथे येऊन थांबतं आणि पुढचं चौघांच्या भांडणावर सोपवतं. एक हँडल फिरवतो, एक मोजतो, एक वाटीत डोकं घालतो आणि एक वहीत आधीच उत्तर लिहून बसलेला असतो.

"जुळली!"

"कुठे जुळली? मध्ये फट दिसतेय."

"फट नाही ती, तुझा केस पडलाय."

"बावीस की तेवीस?"

"मी मोजत नव्हते, तू मोजत होतास ना?"

ज्या शास्त्रात केस आणि फट यांतला फरक मतदानाने ठरतो, त्या शास्त्रात माझ्यासारखीला भवितव्य आहे असं मला वाटलं. शिवाय ही माणसं प्रामाणिक. कार्ल टेर्झागींनी १९२५ च्या सुमारास मातीच्या अभ्यासाला शास्त्राचं रूप दिलं. मातीवर आलेला भार थोडा कणांनी उचलायचा, थोडा पोकळीतल्या पाण्याने, हा त्याचा गाभा. इतकं सुरेख शास्त्र हाताशी असूनही पायाखालची माती किती भार सोसेल याचं उत्तर काढून झालं, की जिओटेकवाला ते सरळ अडीच-तीनने भागतो. का? तर खाली नक्की काय आहे ते तिथे जाऊन कुणी बघितलेलं नाही. दोन-चार ठिकाणी भोकं पाडली, त्यावरून अंदाज केला. स्ट्रक्चर्सवाला त्या आकड्याला पुढे दशांश चिन्हानंतर तीन घरं लावतो, तो भाग वेगळा.

आणि पिसाचा मनोरा. तो पडत नाही म्हणून स्ट्रक्चर्सवाले त्याच्यावर हक्क सांगतात, पण तो कललाय तो मातीमुळे आणि उभाही आहे तो मातीमुळेच. ११७३ मध्ये काम सुरू झालं, दोन-तीन मजले चढल्यावर खालच्या मऊ चिकणमातीने अंग चोरलं, आणि मग लढायांपायी बांधकाम जवळजवळ शंभर वर्षं रखडलं. तेवढ्यात माती दबून घट्ट झाली. वेळेत काम उरकलं असतं तर मनोरा आडवा झाला असता, असं मृदाशास्त्रज्ञ सांगतात. सबमिशन उशिरा करणाऱ्यांच्या बाजूने इतका भक्कम पुरावा दुसरा नाही. मी तो एकदा वापरूनही पाहिला आहे. पुढे १९९० मध्ये मनोरा बंद केला, कलत्या बाजूच्या विरुद्ध अंगाने खालची माती हळूहळू काढून घेतली, कल अर्ध्या अंशाच्या आसपास कमी झाला आणि २००१ मध्ये लोकांना पुन्हा वर जाऊ दिलं. इतका खटाटोप करून सरळ मात्र केला नाही. मग कोण आलं असतं बघायला?

बाकीच्या विषयांच्या वाट्याला मी फारशी गेले नाही, पण कानावर सगळं होतं. वॉटरवाल्यांकडे 'शंभर वर्षांचा पूर' नावाची चीज असते. लोक समजतात, यंदा येऊन गेला, आता नातवंडांनी बघायचं. तसं नाही. दर वर्षी एक टक्का शक्यता, यंदा येऊन गेला तरी पुढच्या वर्षी तोच एक टक्का. तीस वर्षांचं मिळून धरलं तर शंभरात सव्वीस. वॉटरवाली मुलं ही गोष्ट भेटेल त्याला सांगत सुटतात, म्हणून त्यांना फारसं कुणी भेटत नाही. एन्व्हायर्नमेंटलला लोक नाक मुरडतात. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स इतकी घाण मारायला लागली की लंडनच्या पार्लमेंटमध्ये पडदे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवून लावले. तोवर वर्षानुवर्षं कॉलऱ्याने माणसं मरत होती, तेव्हा कागद हलत नव्हते. वास सभागृहात शिरला आणि गटारांचे पैसे झटक्यात मंजूर झाले. हे वाचल्यावर एन्व्हायर्नमेंटलबद्दल मला मनातून आदर वाटतो. घेतलं मात्र नाही, कारण त्यांची बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण किती प्राणवायू खाते ते मोजायची, बाटली वीस अंशांवर पाच दिवस ठेवावी लागते आणि पाचवा दिवस कायम रविवारीच येतो.

फॉर्मच्या रात्री आमच्या ग्रुपवर निवडीचे खरे निकष बाहेर आले. कुठले मॅडम हजेरीला कडक नाहीत. कुठल्या विषयाच्या जुन्या प्रश्नपत्रिका जशाच्या तशा येतात. कोणाचं कोणाशी ब्रेकअप झालंय, म्हणजे ते दोघं एका वर्गात नकोत आणि त्यांची भांडणं बघायची असतील तर आपण त्याच वर्गात हवे. 'देशाला पुढच्या पन्नास वर्षांत कशाची गरज आहे' असा एक मेसेजही आला होता. तो पाठवणाऱ्याला तिघांनी विचारलं, अकाउंट हॅक झालंय का? यादीत ऐन वेळी आणखी एक विषय वाढवला गेला आणि होता तो गोंधळ दुप्पट झाला. ट्रॅफिकमध्ये याला ब्रेसचा विरोधाभास म्हणतात, १९६८ चा: रस्त्यांच्या जाळ्यात एक नवा रस्ता वाढवला, तर कधीकधी सगळ्यांनाच पोचायला उशीर होतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढे कळायचं होतं.

कारण मी पहिली पसंती जिओटेकला दिली आणि जिओटेक रद्द झालं. पुरेशी मुलं मिळाली नाहीत. पोर्टलने मला उचलून ट्रान्सपोर्टेशनमध्ये टाकलं. मी डिपार्टमेंटमध्ये अर्ज घेऊन गेले. टेबलामागच्या काकांनी तो चष्म्यावरून वाचला आणि म्हणाले, "सगळं सिव्हिलच आहे की." सिनियरला कळलं तेव्हा तो काही बोलला नाही. फक्त हसला, आणि ते जास्त लागलं.

पहिल्या लेक्चरला सरांनी फळ्यावर लिहिलं, रस्त्याचे तीन शत्रू: पाणी, पाणी आणि पाणी. दुसऱ्या लेक्चरला म्हणाले, एक्सलवरचा, म्हणजे चाकांच्या आसावरचा, भार दुप्पट केला तर रस्त्याचं नुकसान दुप्पट नाही, साधारण सोळापट होतं. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत इलिनॉयमध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर दोन वर्षं ट्रक फिरवत ठेवले होते, त्यातून निघालेला हा हिशेब. मला ते आवडलं, पण कबूल करायची तयारी नव्हती. तिसऱ्या आठवड्यात प्रॅक्टिकल लागलं. सीबीआर, म्हणजे मातीच्या ताकदीची चाचणी. रस्त्याखालची माती साच्यात ठोकून भरायची, चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायची, मग तिच्यात पन्नास मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या मिनिटाला सव्वा मिलिमीटर या गतीने घुसवायचा आणि ती किती विरोध करते ते टिपायचं. लॅब तीच, मातीची. बाकं तीच. वहीत आधीच उत्तर लिहिणारा मुलगाही तोच. त्यालाही जिओटेकमधून उचलून इथेच टाकला होता.

एव्हाना घरी बातमी पोचली होती, की मी कसलंसं स्पेशलायझेशन घेतलं आहे. एका रविवारी माझ्या सख्ख्या काकांचा फोन आला.

"काय गं, तुझा विषय कोणता आता?"

"ट्रान्सपोर्टेशन, काका. पेव्हमेंट डिझाइन, ट्रॅफिक…"

"बरं बरं. आमच्या बेडरूमच्या भिंतीला ओल येतेय, ते सांग."

ओल कुठल्याच इलेक्टिव्हमध्ये नसते. ओपन इलेक्टिव्हमध्येही, म्हणजे शाखेबाहेरच्या विषयातही, नाही. तिथे आम्हाला पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट होतं. पण सिव्हिलचं नाव लावलंय म्हटल्यावर काहीतरी बोलणं भाग होतं. मी विचारलं, ओल खालून चढतेय का वरून उतरतेय? खालून असेल तर जमिनीतलं पाणी भिंतीतून वर शोषलं जात असेल, पायाच्या वर ओल रोखणारा थर घातलाय का बघावं लागेल. वरून असेल तर स्लॅब किंवा पाइप. भिंतीला तडा आहे का? आडवा का तिरका? तिरका असेल तर पाया एका बाजूने खचत असेल. बाहेर रस्त्याची उंची वाढलीय का, पावसाचं पाणी तुमच्या अंगणाकडे वळतंय का, ड्रेनेजची लाइन त्याच भिंतीलगत आहे का? बोलता बोलता मी माती, पाणी, गटार, रस्ता आणि बीम असं सगळं फिरून आले. यादीतला एकही विषय सुटला नाही. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"ऐकताय ना, काका?"

"ऐकतोय गं," काका म्हणाले. "पेंटर खाली येऊन थांबलाय. रंग लावू का नको, एवढंच सांग."