वारसांची एनओसी मिळाली म्हणजे माहितीपट मोकळा झाला?

सांगली-मिरजेकडच्या नाट्यप्रेमींच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: "दिवंगत कलावंतावर माहितीपट करायचा तर घरच्यांची एनओसी घ्या, बस्स. फोटो घरचेच असतात, जुनी गाणी सगळ्यांचीच, आणि तीस सेकंदांपर्यंतच्या क्लिपला कॉपीराइट लागत नाही." यावर विसंबून पदरमोड करणारे अडकतात, म्हणून हे उत्तर.

आधी एनओसी. सार्वजनिक नोंदींवर आधारलेलं आयुष्य मांडायला ती कायद्याने लागत नाही. राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच हे सांगितलं. सुशांतसिंह राजपूत प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालय २०२३ मध्ये म्हणालं की खासगीपणाचा हक्क माणसाबरोबर संपतो, वारसांकडे जात नाही. बदनामीचं मात्र तसं नाही. घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने मृताची बदनामी केली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ लागू शकतं.

वारसांची सही खरी लागते ती पत्रं, रोजनिशी आणि अप्रकाशित लेखनासाठी. कलावंताने मित्राला लिहिलेलं पत्र मित्राच्या नातवाकडे असेल. कागद त्याचा, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांचा. तोही सगळ्या वारसांचा. थोरल्या मुलाच्या एकट्या सहीवर काम सुरू करू नका.

"फोटो घरचेच." घरच्यांनी पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेला असेल आणि वेगळा करार नसेल, तर हो. वृत्तपत्राच्या नोकरीतल्या छायाचित्रकाराने टिपलेला फोटो मात्र घरच्या अल्बममध्ये चिकटवला म्हणून घरचा होत नाही. फोटोच्या मागचा शिक्का आधी बघा आणि तोही स्कॅन करून ठेवा.

गाण्यांत सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण एका गाण्यात तीन हक्क असतात: शब्द, चाल, ध्वनिमुद्रण. नागठाण्याच्या बालगंधर्वांचंच घ्या. त्यांच्या १९३०च्या दशकातल्या तबकड्यांवरचा ध्वनिमुद्रणाचा हक्क (आता प्रकाशनानंतर ६० वर्षांचा) केव्हाच संपला. शब्द आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. सांगलीचे नाटककार खाडिलकर १९४८ ला गेले, त्यांची पदं २००९ पासून मोकळी. पण चाल संगीतकार मास्टर कृष्णरावांची असेल तर ते १९७४ ला गेले. २०३४ अखेरपर्यंत ती संरक्षित धरूनच चाला. तबकडी संग्राहकाकडून थेट उतरवून घ्या, लेबलचा फोटो ठेवा. कंपनीने साफ केलेली आवृत्ती उचललीत तर यूट्यूबवर कॉपीराइटचा क्लेम येतो; थेट उतरवलेल्या आवृत्तीवर आला, तर हाच फोटो पुरावा म्हणून कामाला येतो.

तीस सेकंदांचा नियम कायद्यात कुठेही नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधली सूट समीक्षा, ताज्या घडामोडी अशा हेतूंसाठी आहे. ज्या क्लिपवर निवेदक प्रत्यक्ष भाष्य करतो तिच्यासाठी ती मागता येते. प्रसंग सजवायला घातलेल्या पाच सेकंदांनाही ती मिळेलच असं नाही.

सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात जाहीर खेळ लावायचा तर सेन्सॉर प्रमाणपत्रही लागेल.

आणि परवानगी तोंडी घेऊ नका. लेखी करारातही मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. वर्षभरात वापर झाला नाही तर हक्क गळून पडतो, आणि माहितीपटाला वर्ष सहज उलटतं. म्हणून करारात स्पष्ट लिहून घ्या: कॉपीराइटच्या उरलेल्या पूर्ण मुदतीसाठी, जगभर, थिएटर, टीव्ही आणि इंटरनेटसह, आणि एक वर्षाच्या आत वापरण्याची अट लागू नाही.