गव्हावर भगर

रविवारी सकाळी आजी स्वयंपाकघरातून हाक मारायची नाही. ती फक्त दळणाचा डबा जमिनीवर आपटायची. तो आवाज ऐकला की थोरला भाऊ टमरेल घेऊन परसाकडे निघायचा आणि अर्धा तास परत यायचा नाही. धाकटी बहीण अभ्यासाला बसायची, तेही गणिताच्या. उरायचो मी. आठ-नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून कॉलेजला सोलापूरला जाईपर्यंत आमच्या घरातला दाणा न् दाणा माझ्या सायकलच्या कॅरियरवरून गिरणीत गेला आणि पीठ होऊन परत आला.

मंगळवेढं म्हणजे ज्वारीचं कोठार. काळी जमीन, मालदांडी ज्वारी, आणि ती पोटात गेल्याशिवाय जेवण झालं असं न मानणारी माणसं. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाची कोठारं लोकांना खुली करून दिली आणि पुढे विठोबाने स्वतः बेदरला जाऊन त्यांचं देणं फेडलं, ही गोष्ट आमच्याकडे पोरं पाळण्यातच ऐकतात. एकदा कीर्तनात मी आजीला विचारलं, की एवढ्या धान्याचं दळण कोणी आणलं? आजी म्हणाली, "तेव्हा घरोघर जातं होतं. नाटकं करू नकोस." पुढे २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. दळण वाहणाऱ्यांना काही मिळालं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, एकदाच महिन्याभराचं दळून आणावं, विषय संपला. ज्वारीचं तसं चालत नाही. पीठ आठ-दहा दिवस पडलं की त्याची विरी जाते. मग भाकरी थापताना कडेला चिरते, तव्यावर टाकताना तुटते, आणि तो दोष पिठाचा न राहता घरातल्या सुनेचा होतो. म्हणून आई दर रविवारी आजीच्याही आधी उठून ज्वारी निवडून डब्यात भरून ठेवायची. सासू-सुनेचं ज्या एका गोष्टीवर पूर्ण एकमत होतं, ती गोष्ट म्हणजे मी गिरणीत गेलं पाहिजे.

डबा द्यायचा आणि बसायचं, इतकं ते सोपं नव्हतं. निघताना आजी सूचना द्यायची. गहू बारीक. हरभऱ्याची डाळ जाडसर, लाडवाला हवी आहे. ज्वारीवर गहू टाकू द्यायचा नाही, पोळी तुटते. कुणाच्या बाजरीवर आपलं काहीच टाकू द्यायचं नाही. समोर उभं राहायचं, नजर काढायची नाही. हे सगळं पाठ म्हणत मी सायकल मारायचो आणि कोपऱ्यावर कुणी गोट्या खेळताना दिसलं की पाठांतर विस्कटायचं. एकदा डाळ बारीक आणि गहू जाडसर दळून आणला होता. त्या आठवड्यात आम्ही पोळ्यांऐवजी रोज शिरा खाल्ला. तक्रार फक्त मोठ्यांची होती.

गिरणी तात्यांची. तात्यांच्या भुवया, पापण्या, कानावरचे केस, सगळं पांढरं. एका लग्नात एक काळ्याभोर मिशांचा माणूस मला "काय रे, दळण नाही का आज?" म्हणाला, तेव्हा मी घाबरून आईच्या मागे लपलो होतो. तात्या पीठ बघायचे नाहीत, बोटांत चोळायचे. पट्ट्याची फटफट चालू असताना मोठ्याने बोलायची त्यांना इतकी सवय झाली होती, की वीज गेल्यावर शांततेतसुद्धा ते ओरडूनच बोलत. त्यामुळे कुणाच्या मुलीचं कुठे जमतंय आणि कुणाचं कुठे मोडलंय, हे रस्त्यापलीकडच्या सायकलवाल्यालाही कळायचं.

आणि वीज जायचीच. ती नेमकी आपला डबा वर ओतला, अर्धं पीठ खाली आलं, अर्धे दाणे दगडात, अशा वेळी जायची. पुढच्या बाईचं दळण पूर्ण झालेलं असायचं आणि ती पदर खोचून निघून जायची. मागचे लोक डबे रांगेत ठेवून घरी जेवून यायचे. मधल्याने कुठे जायचं? मी कुणाच्या तरी डब्यावर बसून राहायचो. डब्यांवर नावं घातलेली असायची, कुणाच्या लग्नातली, कुणाच्या वास्तुशांतीची, कुणाच्या पुण्यस्मरणार्थ. त्या गिरणीत बसूनच मी जोडाक्षरं वाचायला शिकलो.

दगडाला टाकी लावली की वेगळा छळ. छिन्नीने दगडाचे दात पुन्हा काढले की पहिल्या दळणात कच येते, म्हणून त्या दिवशी गिरणीत सगळे अचानक सभ्य होत. "तुम्ही घ्या आधी." "छे छे, तुमचा नंबर." एवढी माणुसकी मी पुढे कुठल्याच रांगेत पाहिली नाही. पोर बघून पहिला नंबर मला मिळायचा. दुपारी पहिल्या घासाला वडील घास थांबवून माझ्याकडे बघायचे, आणि मी ताटाकडे.

परतीच्या वाटेवर डबा गरम. कॅरियरला ट्यूबच्या पट्टीने बांधलेला, झाकण सैल. आमच्या घरापर्यंत रस्त्यावर पिठाची बारीक रेघ असायची. ती कुठून वाकडी जाते, कुठे थांबते, आणि थांबली तिथे किती पीठ सांडलंय, यावरून मी वाटेत कुठे कुठे रेंगाळलो हे आजी उंबऱ्यात उभं राहून वाचायची.

तर, त्या आषाढीची गोष्ट. मी सहावीत होतो. पंढरपूर आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, त्यामुळे एकादशीला अख्ख्या गावाला उपास. आणि आमच्या घरात उपास म्हणजे आजीच्या अखत्यारीतलं खातं. साबुदाणा, भगर, राजगिरा, जिरं, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजून तिने भाजणी तयार केली होती. तिच्या त्या भाजणीच्या थालीपिठांचा घरात दरारा होता. धरून राहायला त्यात काहीच नसतं. उकडलेला बटाटा घाला, दाण्याचा कूट घाला, ती उलटताना तुटायचीच. आम्ही ती थालीपीठं चमच्याने खायचो आणि "छान झालंय" म्हणायचो.

उपासाच्या दळणासाठी तात्यांनी सकाळी सात ते नऊ वेळ ठेवली होती. आधी गिरणी झाडायची, मूठभर साबुदाणा फिरवून काढायचा, आणि मगच उपासाचं सुरू. नऊनंतर नेहमीचं दळण. मी साडेसातला घरातून निघालो. वाटेत गोट्यांचा डाव रंगात होता आणि माझी निळी गोटी परत मिळवायची होती. गिरणीत पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते आणि कुणाच्या तरी लग्नाचा पोतंभर गहू नुकताच संपत होता.

"उपासाचं झालं. उद्या ये," तात्या ओरडले.

उद्या एकादशी. मी म्हणालो, "उपासाचं नाहीये हे."

तात्यांनी डब्यात हात घातला. साबुदाणा, भगर, राजगिरा बोटांतून खाली सोडत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग कशाचं?"

"असंच."

"आजीला विचारलंस?"

"हो."

तात्यांनी आणखी काही न विचारता डबा वर ओतला. गव्हावर भगर. दगडातला गहू माझ्या डोळ्यांदेखत आमच्या डब्यात उतरला, मूठ-दोन मुठी तरी असेल. मी वरून चमच्याने ढवळून टाकलं.

घरी आजीने विचारलं, "आधी कुणाचं होतं?"

"भगरच. कुणाची तरी."

दुसऱ्या दिवशी घरातल्या सात माणसांचा उपास माझ्या हातून मोडणार होता. वडील अनवाणी विठ्ठलाच्या देवळात जाऊन आले. काका आदल्या दिवशीच चालत पंढरपूरला निघाले होते, तेवढे एकटे वाचले. मला थालीपीठ वाढलं तेव्हा मी पोट दुखतंय म्हणून केळं खाल्लं. आपला एकट्याचा तरी उपास शाबूत ठेवावा, असा तो हिशोब होता. आजीने तव्यावरून एक अख्खं, गोल, खरपूस थालीपीठ काढलं, ताटात घेतलं, नमस्कार केला आणि खाल्लं. मग आणखी एक घेतलं. मी रात्रभर जागा. माझ्यामुळे आजीला वैकुंठाच्या दारातून परत पाठवतायत आणि दारावर तात्या उभे आहेत, असं काहीतरी दिसत होतं.

द्वादशीला उपास सुटला, सगळे पुरणपोळी जेवले, आणि मला राहवेना. आजी तुळशीपाशी वाती वळत बसली होती. मी सगळं सांगून टाकलं. गोट्या, गहू, तात्या, चमचा, सगळं. रडूही आलं, थोडं खरं, थोडं सोयीचं.

आजीने वात पुरी वळली. "मला काल पहिलं थालीपीठ उलटतानाच कळलं होतं."

"कसं?"

"चाळीस वर्षं करतेय मी. एकदा तरी सलग उलटलंय? गहू असल्याशिवाय धरून राहतं होय असं?"

"मग खाल्लंस कशाला?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. आई आत भांडी घासत होती.

"अरे, तुटलं नाही रे पहिल्यांदा," ती हळूच म्हणाली. "तुझ्या आजोबांनी बघायला हवं होतं."

ही गोष्ट तिने घरात कुणाला सांगितली नाही, मीही नाही. कार्तिकीच्या आदल्या दिवशी तिने भाजणीचा डबा आपटला. मी सात वाजताच, अंघोळ करून, सायकल पुसून तयार होतो. तिने मला दारात थांबवलं, झाकण घट्ट दाबलं आणि डबा कॅरियरला बांधता बांधता खालच्या आवाजात म्हणाली, "एवढी काय घाई आहे? जा सावकाश नऊनंतर."