ऐरोलीकर, होताच तो रबराचा!

ऐरोलीकर, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि खरं सांगतो, झोप उडाली. ज्युरासिक पार्कच्या सगळ्या भागांवर मी दोन आठवडे खपून लिहिलं आणि तुम्ही चार ओळींत निकाल लावून मोकळे झालात. "काका, नॉस्टॅल्जियाचा चष्मा काढा, तो टी-रेक्स आज रबरी खेळणं वाटतो." वर संगीताची एक चूक, आणि नवीन भागांना एकाच परिच्छेदात गुंडाळलं ही तक्रार.

चूक मान्य. 2001 च्या तिसऱ्या भागाचं संगीत डॉन डेव्हिसचं, जॉन विल्यम्सचं नाही. लेखात दुरुस्त केलंय. मूळ धून त्यातही विल्यम्सचीच वाजते, पण असो.

आता ते "काका". मतभेद असू दे ना, वय कशाला काढायचं? तुम्हीच लिहिलंय की पहिला भाग तुम्ही ठाणे-वाशी लोकलमध्ये मोबाईलवर बघितला. म्हणजे तळहाताएवढ्या स्क्रीनवर, गर्दीत, उभ्याने, आणि इफेक्ट्स मला शिकवताय. हे मला लागलं, स्पष्टच सांगतो.

मी तो 1994 ला हिंदीत डब होऊन आला तेव्हा ठाण्यात थिएटरला बघितला, सातवीत होतो, बाबांबरोबर. बाबा वागळे इस्टेटला एका वर्कशॉपमध्ये हायड्रॉलिक प्रेसवर होते, आयुष्यभर ऑइल, सील आणि प्रेशर. पावसातला तो सीन आला, टी-रेक्स गाडीच्या खिडकीशी डोकं आणतो, टॉर्चच्या उजेडात बुबुळ बारीक होतं, मी खुर्चीत पाय वर घेतलेले, आणि बाबा कानात म्हणाले, "हे खरं मशीन आहे रे, वजन आहे त्याला, बघ थांबताना कसा दणका बसतो." त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आणि ते शंभर टक्के बरोबर होते! सिनेमासाठी यांत्रिक प्राणी बनवणाऱ्या स्टॅन विन्स्टनच्या टीमने सुमारे 40 फूट लांबीचा टी-रेक्स खरोखर बांधला होता, हायड्रॉलिकवर चालणारा, आणि त्याचं एक छोटं मॉडेल हाताने हलवलं की मोठा तसाच हलायचा. वर फोम रबराची कातडी. शूटिंगच्या पावसात ती पाणी प्यायची, वजन वाढून अख्खं धूड थरथरायला लागायचं, मग दोन शॉट्सच्या मध्ये माणसं टॉवेल घेऊन त्याला पुसत बसायची. तेव्हा हो, रबर. पण भिजणारं रबर, त्यावरून खरं पाणी ओघळतंय, खरा लाईट चमकतोय. तोच टी-रेक्स त्याच सीनमध्ये कुंपण तोडून बाहेर येतो तेव्हा तो कॉम्प्युटरचा असतो आणि सांधा कुठे आहे ते तुम्हाला कळलंही नाही, नाहीतर प्रतिक्रियेत लिहिलं असतंत. दोन तासांच्या सिनेमात डायनोसॉर जेमतेम 15 मिनिटं दिसतात, तेही बहुतेक रात्री, पावसात, नाहीतर स्वयंपाकघरातल्या अर्धवट उजेडात. नवीन भागांत ते भर दुपारी कळपाने पळतात, एकालाही वजन नाही.

आणि तो आवाज. साउंड डिझायनर गॅरी रायडस्ट्रॉमने हत्तीच्या पिल्लाचं ओरडणं, वाघ आणि मगर एकत्र करून ती डरकाळी बनवली. पाण्याच्या ग्लासात गोल लाटा उठतात ना, त्या गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार बांधून खालून छेडली तेव्हा कुठे जमल्या. हे रबरी खेळणं असेल तर मला खेळणीच आवडतात म्हणा!

नवीन भागांच्या परिच्छेदाबद्दल आत्ता काही बोलत नाही, तो विषय वेगळा आहे.

संगीताचं मात्र राहिलं. पहिल्यांदा तो लांब मानेचा ब्रॅकिओसॉरस दिसतो तिथे विल्यम्सचा अख्खा ऑर्केस्ट्रा उसळतो, माझ्या अंगावर आजही काटा येतो. मग भीतीच्या जागी तो काय वाजवतो? यावेळी मोबाईल नको, घरी मोठ्या स्क्रीनवर, हेडफोन लावून बघा, गाड्या कुंपणाशी बंद पडून बकरी गायब होते तिथपासून टी-रेक्स गाडी उलटवतो तिथपर्यंत. नुसता पाऊस, पत्रा आणि डरकाळी. एक वाद्य ऐकू आलं तर कितव्या मिनिटाला ते इथेच खाली लिहा.