सोलरचं अर्थिंग कापायला निघालेल्यांसाठी

‘ग्रीन बिल्डिंगच्या नावाखाली लूट! सावध व्हा!’ असा, वीज-पाणी वाचवणाऱ्या इमारतींविरुद्धचा एक मेसेज सांगली-मिरजेतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. विश्रामबागेत आत्याच्या नव्या इमारतीत तो मीटिंगमध्ये मोठ्याने वाचला गेला आणि गच्चीवरच्या सोलरची अर्थिंगची पट्टी कापायला इलेक्ट्रिशियन बोलवायचं ठरलं. आत्याचा फोन आला म्हणून मला कळलं. बाकीच्या मुद्द्यांनी फार तर पैशाचं नुकसान होईल. या एका मुद्द्याने माणूस जाईल, म्हणून आधी तो घेते.

मेसेज म्हणतो, ‘अर्थिंगची तार आकाशातली वीज ओढून घेते, तार काढा, धोका टळेल.’ साफ खोटं आहे. तार कापल्याने इमारतीची उंची कमी होत नाही, त्यामुळे वळवात वीज पडायची ती पडतेच. फक्त तिला जमिनीत जायची ठरलेली वाट उरत नाही, मग ती वायरिंगमधून आणि सळ्यांमधून वाट काढते. शिवाय अर्थिंग काही फक्त त्यासाठी नसतं. 3 किलोवॅटच्या घरगुती सोलरला साधारण सहा पॅनेल एका माळेत जोडतात आणि उन्हात त्या माळेवर दोन-अडीचशे व्होल्ट डीसी असतं. लाइट गेली, इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा डबा) बंद केला, तरी ऊन आहे तोवर ते राहतंच. उंदराने वायर कुरतडली किंवा क्लॅम्पखाली तिचं कव्हर सोललं, की करंट लोखंडी स्ट्रक्चरमध्ये उतरतो. अर्थिंग धड असेल तर इन्व्हर्टर फॉल्ट दाखवतो. नसेल तर कुरडया वाळत घालायला गेलेल्या बाईचा हात लोखंडाला लागतो तेव्हा कळतं! नीट केलेल्या कामात एसी, डीसी आणि लायटनिंग अरेस्टर (आकाशातली वीज झेलणारा दांडा) यांचे पिट, म्हणजे अर्थिंगचे खड्डे, वेगवेगळे असतात. झाकणं उघडा, नटबोल्ट गंजलेत का बघा, उन्हाळ्यात पिटात पाणी घाला, वळवाआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगच्या रोधाचं रीडिंग घ्या. कापाकापी अजिबात नको.

‘पावडरचे पांढरे ब्लॉक महापुरात विरघळतात.’ 2019 ला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं आपण बघितलंय, म्हणून हे वाक्य सांगलीत लगेच पटतं. ते ब्लॉक राख, सिमेंट, चुना यांचे, दाबाखालच्या वाफेत पक्के केलेले असतात. ते विरघळत नाहीत. पाणी मात्र भरपूर पितात आणि वाळायला वेळ लावतात, त्यामुळे पूरपट्ट्यात तळमजल्याला ते नकोत हे मलाही मान्य. वरच्या मजल्यांना काय अडचण आहे? भार कॉलम-बीमवर असतो.

‘हे सगळं बिल्डरचं खूळ, सरकार कुठेच सांगत नाही.’ सांगतं. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची ‘इको निवास संहिता’ डिसेंबर 2018 पासून आहे. छतातून किती उष्णता आत यावी याची कमाल मर्यादा तिने घातलीय, दर चौरस मीटरला, तापमानातल्या दर अंश फरकाला, 1.2 वॅट. नुसता उघडा स्लॅब याच्या दुपटीहून जास्त उष्णता आत सोडतो. वरच्या मजल्यावर एप्रिलमध्ये रात्री झोपून बघा. बिल्डरला माहितीपत्रकातली हिरवी पानं विचारू नका, छताचा हा आकडा विचारा.

‘पाणी तापवायचा सोलर हीटर पावसाळ्यात निकामी.’ जुलै-ऑगस्टच्या झडीत तो गार पडतो, खरंय. तेवढ्यासाठी उरलेलं वर्ष गिझर जाळायचा?

‘पाणी जिरवायचे खड्डे म्हणजे पैसे पाण्यात.’ यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. नदीकाठच्या काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही. पण राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवरच्या नव्या बांधकामाला पावसाच्या पाण्याची सोय करावीच लागते. तेव्हा ताबा घेण्याआधी विचारा, खड्डा मातीखालच्या मुरुमापर्यंत गेलाय का? आधी फिल्टर आहे का? नाहीतर साठवणीची टाकी तरी दिलीय का? गच्चीचा पाइप फिल्टरशिवाय थेट बोअरमध्ये सोडलेला दिसला तर आधी तो बंद करून घ्या, कबुतरांची सगळी घाण त्यातून सरळ खालच्या पाण्यात उतरते.