‘एरर वाचत बसायला वेळ कुणाला आहे?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा झोंबली, म्हणून दोनदा. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘एरर आली की शेवटची ओळ वाचा’ हा माझा सल्ला पुस्तकी आहे; एअरफ्लोच्या (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रणालीच्या) लॉगमध्ये शेवटी ‘टास्क एक्झिटेड विथ रिटर्न कोड 1’ एवढंच असतं; रात्री दोनला जॉब पडल्यावर ऐंशी ओळींचं पुराण वाचण्यापेक्षा एरर्स=‘कोअर्स’ (पँडास या पायथनमधल्या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीला ‘वाचता येत नाही ते रिकामं सोड’ असं सांगणारा पर्याय) टाकून मोकळं व्हावं; आणि मेसेजच धड नसतात, त्याचं खापर मी वापरणाऱ्यावर फोडतो.

एअरफ्लोचं सपशेल मान्य. लेख लिहिताना माझ्यासमोर कोड तुकड्यातुकड्याने चालवायचं नोटबुक उघडं होतं, त्यामुळे ते डोक्यातच आलं नाही. ती शेवटची ओळ एअरफ्लोची स्वतःची असते. टास्क पडलं, एवढंच तिला ठाऊक. तिथून वर सरकत ट्रेसबॅक (चूक कोडच्या कुठल्या कुठल्या ओळींतून आली त्याची यादी) गाठायचा आणि त्याची शेवटची ओळ वाचायची, असं लिहायला हवं होतं. मग खालून वर फाइलींची नावं बघत जा. ‘साइट-पॅकेजेस’ (तयार लायब्ररींचं फोल्डर) दिसलं की ती ओळ पँडाससारख्या लायब्ररीच्या पोटातली, सोडून द्या. तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव जिथे पहिल्यांदा लागेल तिथे थांबा. ऐंशीतल्या तीन-चार ओळींत काम होतं.

कोअर्सच्या बाबतीत मात्र मी हटणार नाही, कारण त्यात हात पोळलेत.

एका पतसंस्थेच्या ठेवींची सीएसव्ही (तक्त्याची साधी मजकूर-फाइल) माझ्याकडे दर महिन्याला यायची. एकदा रकमेचा स्तंभ आकड्यांत बदलताना पँडास अडलं: ‘अनेबल टु पार्स स्ट्रिंग "1,25,000" ॲट पोझिशन 312’. मी घाईत. कोअर्स टाकलं, एरर गेली, रिपोर्ट गेला. दोन दिवसांनी तिथल्या हिशेब बघणाऱ्या बाईंचा फोन: ‘अहो, बेरीज खतावणीशी जुळत नाहीये.’

झालं होतं असं, की एका शाखेने त्या महिन्यात आपल्या रकमा स्वल्पविरामांसकट खाली चिकटवल्या होत्या. कोअर्स न वाचता आलेल्या आकड्याच्या जागी नॅन (‘इथे आकडा नाही’ अशी खूण) ठेवतं, आणि बेरीज करताना पँडास नॅन गुपचूप वगळतं. स्वल्पविराम हजारापासून पुढेच लागतो. म्हणजे त्या शाखेची नऊशेची ठेव बेरजेत धरली गेली आणि सव्वा लाखाची गळाली! रिपोर्ट दिसायला अगदी व्यवस्थित, कुठे लाल अक्षर नाही.

आणि त्या मेसेजने सगळं सांगितलं होतं हो. कुठली किंमत अडली ते अवतरणचिन्हांत, आणि कुठे अडली तेही. मोजणी शून्यापासून, वर शीर्षकाची एक ओळ. म्हणजे एक्सेलमध्ये उघडली तर ओळ 314. बघायला दोन मिनिटं, स्वल्पविराम काढायला कोडची एक ओळ. कोअर्स वापरूच नका असं नाही, मीही वापरतो. पण आधी आणि नंतर रिकाम्या जागा मोजतो. वाढल्या की जॉब मीच पाडतो.

मेसेज धड नसतात, हे खरंच आहे. ‘की-एरर: रक्कम’ घ्या, म्हणजे ‘रक्कम’ नावाचा स्तंभ सापडला नाही. आपण काय मागितलं तेच आपल्याला ऐकवतो, फाइलमध्ये काय आहे ते सांगत नाही. पायथन 3.10 पासून (2021) व्हेरिएबलचं नाव चुकलं तर ‘तुम्हाला हे म्हणायचं होतं का’ असं विचारतं, पण स्तंभांच्या नावांना ती सोय नाही. आमच्याकडे बहुतेक वेळा शीर्षकाच्या शेवटी एक स्पेस चिकटलेली निघायची. शेवटी मी फाइल वाचल्या वाचल्या स्तंभ तपासायला लागलो आणि मेसेज स्वतःच लिहिला: ‘"रक्कम" हा स्तंभ नाही. फाइलमध्ये सापडले: "खाते क्र.", "नाव", "रक्कम "’. अवतरणचिन्हांमुळे ती स्पेस डोळ्यांना दिसते. आता त्या बाई शीर्षक स्वतःच दुरुस्त करून फाइल परत पाठवतात.

मूळ लेखातला एअरफ्लोचा परिच्छेद आज बदलतो. तुमच्या त्या ऐंशी ओळींच्या लॉगमध्ये मधेच ‘ड्युरिंग हँडलिंग ऑफ द अबव्ह एक्सेप्शन’ (म्हणजे वरची चूक निस्तरताना दुसरी झाली) अशी ओळ आहे का, ते बघाल का? असेल तर तिच्या वरचा भाग आधी वाचा. मूळ दुखणं बहुधा तिथे असेल.